मराठी ख्रिस्ती मंडळी : नेतृत्व कोणाचे, भार कोणाचा?

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार आपल्याकडे दोन ठिकाणी होतो आणि दोन्ही ठिकाणी तो अर्धवट सुटतो. वाङ्मयेतिहासात बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई ही चार नावे येतात. ‘यमुनापर्यटन’ला १८५७ सालातील आद्य कादंबरीचा मान मिळतो, ‘स्मृतिचित्रे’ला थोर आत्मचरित्राचा मान मिळतो आणि प्रकरण संपते. आपल्या चळवळीच्या लेखनात दुसरेच घडते. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, अनेक धर्मांचे प्रतिनिधी त्यांच्याकडे आले, त्यांत ख्रिस्तीही होते, बाबासाहेबांनी तो मार्ग नाकारला, असे आपण सांगतो आणि पुढे १९५६ कडे वळतो. या दोन्ही सांगण्यांत एक गोष्ट गळून पडते. महाराष्ट्रात, विशेषतः नगर, नाशिक आणि मराठवाडा या पट्ट्यात, जी मंडळी प्रत्यक्ष उभी राहिली ती महारांची आणि मांगांची होती. तिचे नेतृत्व कोणी केले आणि तिचा भार कोणी वाहिला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगळी असूनही आपण ती एकच समजत आलो आहोत.

मंडळी हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. आपल्याकडील ख्रिस्ती माणसे इमारतीला चर्च म्हणतात, पण तीत जमणाऱ्या माणसांना मंडळी म्हणतात. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे, मराठीने मात्र त्यांत फरक केला. हा फरक मिशनच्या बंगल्यात झाला की महारवाड्यात, याच्या वादात मी पडत नाही. मला त्याचा उपयोग एवढ्यासाठी आहे की, आपल्याकडे इमारतींचा इतिहास लिहिला गेला आणि मंडळीचा राहिला.

मी छत्रपती संभाजीनगरात शिकवतो. हे शहर कालपरवापर्यंत औरंगाबाद होते. नागसेनवनातून निघून छावणीकडे चालत गेले तर वाट फार लांबची नाही. एका टोकाला १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आहे, दुसऱ्या टोकाला छावणीतील ख्राइस्ट चर्च. गावकुसाबाहेरच्या माणसाने गावाला दिलेली दोन उत्तरे इतक्या जवळ उभी असताना त्यांची एकमेकांशी गाठ पडू नये, हे मला विद्यार्थिदशेपासून खटकत आले आहे. आमच्या वसतिगृहात ख्रिस्ती मुले होती. त्यांच्या टेबलावर बायबल असे आणि आमच्या भिंतीवर बाबासाहेब. एकमेकांच्या आज्याचे आडनाव तेवढे आम्ही कधी विचारले नाही. विचारले असते तर पुष्कळदा एकाच महारवाड्याचा पत्ता लागला असता.

आता इतिहासाकडे. या भागातील पहिले ठळक नाव नारायण शेषाद्री यांचे आहे. हे ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा अल्पवयीन भाऊ श्रीपत त्यांच्या पाठोपाठ मिशनमध्ये गेला. प्रकरण न्यायालयात गेले, मुलगा आईबापांच्या ताब्यात आला आणि त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईचा ब्राह्मणवर्ग दुभंगला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याचा पक्ष घेतला. हे श्रीपत शेषाद्री प्रकरण मराठी प्रबोधनाच्या प्रत्येक इतिहासात आहे आणि असायलाही हवे. पण त्याच नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याला ठाणे मांडले, मांगांमध्ये काम केले, जालन्याजवळ निजाम सरकारकडून जमीन मिळवून ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती खेडे वसविले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा ते १९८१ साली झाले. बेथेल म्हणजे देवाचे घर. एका ब्राह्मण पोराच्या जातीवर पाने भरून लिहिणारा इतिहास, मांगांचे एक अख्खे गाव वसले तेव्हा कोठे होता? त्याला एक ओळदेखील जड गेली.

मांगाला स्वतःचे गाव मिळणे म्हणजे काय, हे बलुतेदारीच्या भाषेत वाचले पाहिजे. दोर वळायचे, केरसुण्या करायच्या, लग्नात आणि मयतीत हलगी वाजवायची आणि त्याबदली खळ्यावर जाऊन हात पसरायचा, असे ज्याचे गावाशी नाते होते, त्याला पाटील नसलेले गाव मिळाले. शाळा मिळाली, उपासनेची जागा मिळाली, कसायला जमीन मिळाली. हा साधा बदल नव्हता. पण बेथेलचे नाव घेतले की एकच माणूस आठवतो. १८७३ साली न्यूयॉर्कला जगभरच्या प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांची परिषद भरली, तिला शेषाद्री गेले आणि तेथील लोकांना हा पगडीधारी हिंदी उपदेशक मोठा अपूर्वाईचा वाटला. बेथेलची विहीर ज्यांनी खणली, भिंती ज्यांनी रचल्या, त्यांच्यातून एकाचेही नाव पुढे आले नाही. शेषाद्रींना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांनी सोडले ते थोडे नव्हते. पण सोडण्याजोगे काही ज्यांच्याजवळ होते त्यांचीच नावे राहिली, हा मुद्दा त्यांच्यापुरता नाही.

औरंगाबादेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीचे काम उभे करणारे रत्नजी नवरोजी हे पारशी. नगरला १८३९ साली बाप्तिस्मा घेणारे हरिपंत ख्रिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे ब्राह्मण. टिळक ब्राह्मण, रमाबाई ब्राह्मण. बेळगावचे बाबा पदमनजी तेवढे कासार. म्हणजे शिर एका जातीचे आणि धड दुसऱ्या जातीचे, अशी ही मंडळी घडत गेली. तिचे साहित्य शिराने लिहिले.

मिशनच्या छापखान्याला मात्र एक श्रेय निःसंशय द्यावे लागते. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग मुलीचा, मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध प्रसिद्ध झाला तो अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदया’त. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. तिने कोणाच्या वतीने साक्ष दिली नाही. तिने जाब विचारला. दलित साहित्याचा उगम शोधताना आपण या अंकापाशी थांबतो. पण ज्या पत्राने अस्पृश्य मुलीचा जाब छापला, त्याच पत्रामागच्या मंडळीतून अस्पृश्य पाळकाचा, मास्तराचा, बायबलबाईचा जाब का उमटला नाही, हे आपण विचारत नाही. मला वाटते, कारण पोटात आहे. मुक्ता कोणाची पगारी नव्हती.

मिशनच्या कामाची घडण ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. वर बंगल्यात साहेब आणि मडम. त्यांच्याखाली दीक्षित पाळक. त्याच्याखाली उपदेशक, गावोगावचा मास्तर आणि बायबलबाई. पैसा वरून खाली येई आणि अहवाल खालून वर जाई. मास्तर दिवसा महारवाड्यात किंवा मांगवाड्यात शाळा घेई, संध्याकाळी भजन, रविवारी उपासना. आजारी माणसाला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेणे, पोलीस पाटलाला अर्ज लिहून देणे, सावकाराचा कागद वाचून दाखवणे, मयत झाली तर माती देणे हे सर्व त्याच्याच माथी. त्याची बायको बायांना जमवून वाचायला शिकवी. तिच्या या कामाला पुष्कळदा वेगळा पगारही नसे. मंडळी वाढली ती या दोघांच्या पायांवर. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या दारात माणसे आली, पोरकी मुले आली, तेव्हा मंडळीची संख्या फुगली. पण दुष्काळ सरल्यावर ती टिकली ती धान्यामुळे नव्हे. धान्य संपल्यावरही जो माणूस गावात उरला, त्याच्यामुळे टिकली.

असा एक मास्तर माझ्या घराण्याच्या गोष्टीत आहे. माझे आजोबा गंगापूर तालुक्यातले. निजामी अमलाच्या शेवटच्या वर्षांत ते या मास्तराच्या शाळेत बसले. शाळा म्हणजे लिंबाखालची जागा आणि पावसाळ्यात मास्तराचीच पडवी. तेथे आजोबा बाराखडी शिकले, वाचायला लागले, आणि १९५६ नंतर वस्तीत ‘प्रबुद्ध भारत’ वाचून दाखवणारे ते एकटेच होते. म्हणजे आमच्या वस्तीत बाबासाहेबांचा शब्द पोचला तो एका ख्रिस्ती मास्तराने शिकवलेल्या अक्षरांतून. हे आजोबा अभिमानाने सांगत. आजी एक जास्तीची गोष्ट सांगे आणि ती सांगताना आजोबा उठून बाहेर जात. मास्तर जातीने मांग होता. आजोबा त्याच्या पडवीत शिकले, पण पाणी प्यायला घरी येत. बुद्धवंदना म्हणू लागल्यानंतरही कित्येक वर्षे त्यांनी त्या घरचे पाणी घेतले नाही. मास्तराच्या बायकोने एकदा तांब्या पुढे केला आणि आजोबांनी तहान नाही म्हणून सांगितले. उन्हाळ्याचे दिवस होते, असे आजी आवर्जून सांगे.

ही गोष्ट मी चळवळीच्या व्यासपीठावर एकदाच सांगितली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते नंतर म्हणाले, सर, घरच्या गोष्टी घरात ठेवा. मी त्यांचा मान राखतो, पण हे ऐकणार नाही. ब्राह्मणी व्यवस्थेने आपल्याला दिलेल्या पायऱ्या आपणही वापरल्या, हे मान्य केल्यावाचून मंडळीतल्या जातीयतेवर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

या पार्श्वभूमीवर ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावे. १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या या ग्रंथाचे मोठेपण मी नाकारत नाही. लक्ष्मीबाईंची भाषा ही मराठीतील एक निर्मळ भाषा आहे. स्वतःच्या फजितीवर इतके मोकळे हसणारी लेखणी आपल्या पुरुष आत्मचरित्रकारांत सापडत नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणा पाद्र्याच्या उपदेशावाचून स्वतःशी लढवला आणि बाप्तिस्म्याच्या आधीच सोवळे टाकले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या आतून मोकळ्या झालेल्या होत्या. हा प्रसंग वर्गात शिकवताना मुली स्तब्ध होतात, हा माझा अनुभव आहे.

पण दोन वर्षांपूर्वी एका मुलीने उठून विचारले, ज्यांच्या हातचे पाणी लक्ष्मीबाईंना आता चालणार होते, त्या हाताला काय वाटले, ते पुस्तकात कुठे आहे? माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या ग्रंथात महार-मांग ख्रिस्ती आहेत, दुष्काळातली पोरकी मुले आहेत, प्लेगचे दिवस आहेत. लक्ष्मीबाई त्या माणसांशी मायेने वागतात. तरी ती माणसे येतात ती लक्ष्मीबाईंच्या मनाची कसोटी म्हणून. कसोटी पार पडली की ती बाजूला होतात. लेखिका ओसरीवर आहे आणि पायरीखालची माणसे तिथूनच दिसतात. यात लेखिकेची लबाडी नाही. ओसरीवरून जितके दिसते तितके तिने प्रामाणिकपणे लिहिले. दोष असेल तर आपल्या समीक्षेचा आहे. तिने या एका ओसरीवरच्या दृश्याला मराठी ख्रिस्ती जीवनाचे समग्र चित्र ठरवून टाकले.

टिळकांविषयी जरा वेगळे बोलावे लागेल. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मिशनची चाकरी दोन दशके केली आणि मंडळीच्या रोगाचे निदानही त्यांनीच अचूक केले. साहेबी उपासनेत मराठी माणसाचा जीव रमत नाही हे त्यांनी ओळखले. अभंग, भजन, कीर्तन चर्चमध्ये आणले. आजही ‘उपासना संगीत’ उघडले तर टिळकांवाचून पान हलत नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. पगारी धर्मसेवेने माणूस मिंधा होतो, हिंदी मंडळी हिंदी माणसांनी चालवली पाहिजे, असा त्यामागचा विचार. दोन वर्षांत, १९१९ साली, ते गेले.

विचार खराच होता. पण एक गोष्ट टिळकांच्या चरित्रकारांच्या ध्यानात येत नाही. पगार टाकून फकिरी पत्करणाऱ्या ब्राह्मणाला या देशात पूर्वापार मान आहे. त्याच्या दारिद्र्याला संन्यासाचे तेज चढते. मांगाच्या दारिद्र्याला कसले तेज? मास्तराने मिशनचा पगार टाकला असता तर तो संत ठरला नसता. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा हलगी गळ्यात अडकवावी लागली असती. मिंधेपणा दोघांचाही असेल, पण तो टाकण्याची किंमत सारखी नव्हती. स्वावलंबी मंडळीचा जो उपदेश त्या काळात सारखा चाले, त्यातील पोकळपणा येथे आहे. ज्याच्या पायाखाली जमीन नाही त्याला स्वतःच्या पायावर उभे राहा म्हणून सांगितले जात होते.

कीर्तनाबद्दलही एक शंका नोंदवतो. टिळकांनी वारकऱ्यांची वीणा आणि टाळ चर्चमध्ये आणले. त्याच चर्चमध्ये बसलेल्या मांगाची हलगी मात्र दाराबाहेर राहिली. हलगीला बलुत्याचा वास होता, म्हणून ख्रिस्ती झालेल्या मांगालाच ती नकोशी झाली असेल, हे मी समजू शकतो. आमच्या लोकांनीही असेच पुष्कळ टाकले. तरीपण चर्चचे मराठीकरण झाले असे आपण म्हणतो तेव्हा कोणते मराठीपण आत आले आणि कोणते बाहेर राहिले, हे पाहायला हवे.

बाबासाहेबांनी या प्रश्नाला थेट हात घातला आहे. त्यांचे धर्मांतरित ख्रिस्त्यांविषयीचे दोन इंग्रजी निबंध त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते आहेत. मिशनऱ्यांनी प्रारंभी ब्राह्मणांच्या मागे लागून शक्ती वाया घालवली; शाळा, कॉलेजे, दवाखाने काढले त्यांचा लाभ बव्हंशी सवर्ण हिंदूंनी घेतला आणि खेड्यातला अस्पृश्य ख्रिस्ती होता तेथेच राहिला; धर्म बदलला तरी जात मंडळीत शिरून बसली; आणि अन्यायाविरुद्ध उठण्याची चळवळ या समाजात निर्माण झाली नाही, असे त्यांचे आरोप आहेत. १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती श्रोत्यांसमोर बोलतानाही, तुम्ही सामाजिक अन्याय हटवण्यासाठी लढला नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितले.

यांतील एकही आरोप खोटा नाही. अस्पृश्यांच्या श्रद्धेवर उभ्या राहिलेल्या संस्थांच्या बाकांवर कोण बसले, हे पाहायचे तर आपल्या शहरांतील जुन्या नामवंत मिशन शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची आडनावे वाचावीत. पण बाबासाहेबांच्या नजरेसमोर मुख्यतः शिकलेला, नोकरीपेशातला ख्रिस्ती आहे आणि समोर सत्याग्रहाचा काळ आहे. खेड्यातल्या मास्तराला त्यांच्या मांडणीत जागा मिळालेली नाही. त्याने लढा दिला नाही, हे खरे. पण लढा वाचू शकणारी माणसे त्याने तयार केली. माझ्या आजोबांची गोष्ट मी यासाठीच सांगितली. बाबासाहेबांच्या विचाराशी एकनिष्ठ राहूनही ही पुरवणी जोडता येते आणि जोडली पाहिजे, असे माझे मत आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर गोरे मिशनरी हळूहळू गेले, पैसा आटला. १९७० साली नागपूरला उत्तर भारतातील सहा प्रॉटेस्टंट पंथांचे एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. बंगले रिकामे झाले, जमिनी ट्रस्टकडे आल्या, आणि मंडळीची पुष्कळशी शक्ती कोर्टकचेऱ्यांत गेली. गावच्या मास्तराची शाळा केव्हाच जिल्हा परिषदेने घेतली होती. मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही.

तरीही मंडळी वाढते आहे, पण दुसरीकडे. या शहराच्या औद्योगिक कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये, दुमजली घराच्या गच्चीवर, मंगल कार्यालयाच्या भाड्याच्या हॉलमध्ये. मागील वर्षी मी अशा एका प्रार्थनेला गेलो, कारण तिचा पास्टर हा माझ्या आजोबांच्या मास्तराचा नातू आहे. आठवडाभर तो रिक्षा चालवतो. रविवारी सकाळी हॉलमध्ये शे-दीडशे माणसे होती, त्यांत बाया अधिक. कंपनीत कंत्राटावर असलेले, घरकाम करणाऱ्या, नवऱ्याच्या दारूने गांजलेल्या. मिशनचा पैसा नाही, बंगला नाही, अहवाल नाही. दशांश आणि अर्पण यांवर भाडे निघते. टिळकांना अभिप्रेत असलेली स्वावलंबी मंडळी साताऱ्याच्या दरबारात राहिली नाही. ती या पत्र्याखाली बसलेली मी पाहिली, हे कबूल केले पाहिजे. की-बोर्ड होता, ड्रम होता. हलगी अजून आली नव्हती.

आणि दोषही तेथेच दिसले. सगळी सूत्रे एका घरात आहेत. हिशोब पास्टर ठेवतो, प्रवचन पास्टर करतो, तो गावाला गेला तर त्याचा मेहुणा. पंचकमिटी कागदावर आहे. आठवड्यातल्या घरोघरच्या प्रार्थना चालवतात त्या चार बाया, आजाऱ्याजवळ रात्र काढतात त्या बाया, नवीन माणूस आणतात त्या बाया. पण पुलपिटावर त्यांच्यातली एकही नाही. जुन्या मिशनमधली बायबलबाई निदान त्या नावाने तरी ओळखली जाई. आजारपण प्रार्थनेने जाते, या सांगण्यावरही मी पास्टरशी वाद घातला. तो म्हणाला, सर, सरकारी दवाखान्यात रांग लावायला मीच घेऊन जातो, प्रार्थना रांगेत करतो. उत्तर हजरजबाबी होते. पण व्यासपीठावरून तो हे दुसरे वाक्य सांगत नाही, पहिलेच सांगतो, आणि माणसे पहिलेच ऐकून घरी जातात.

जातीचे विचारले तर तो गप्प झाला. हॉलमध्ये महार, मांग आणि थोडे भिल्ल एका सतरंजीवर बसतात. मुलीचे स्थळ पाहायचे झाले की सतरंजी दुभंगते. हे त्यानेच सांगितले, मी काढून घेतले नाही.

या गप्पपणामागे आणखी एक कारण आहे आणि ते कायद्यात आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात, हिंदूखेरीज अन्य धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही, अशी तरतूद होती. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तीतून वाट मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना मिळाली नाही. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढावी असे सुचवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी नवा आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका खटल्यात, ख्रिस्ती धर्म पाळून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही संविधानाची फसवणूक होय, असा निर्णय दिला. परिणाम असा की, त्या हॉलमधले निम्मे लोक रविवारी एका नावाने आणि तहसीलमध्ये दुसऱ्या नावाने जगतात. ज्या मंडळीला स्वतःचे नाव उघड सांगता येत नाही, तिच्यातून आत्मकथन कसे येणार? बौद्ध झालेल्या माणसाने ‘बलुतं’ लिहिले, कारण १९७८ साली तो मी कोण होतो आणि कोण आहे हे छातीठोक सांगू शकत होता. १९९० साठी आपण लढलो तेव्हा या भावंडांना बरोबर घेतले नाही, ही चूक आपल्या पदरी आहे. आपला वाटा कमी होईल हे भय त्यामागे होते, आणि ते भय आजही बैठकांतून हळू आवाजात बोलले जाते.

म्हणून साहित्याच्या अंगाने माझे म्हणणे मर्यादित आहे. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी दलित ख्रिस्ती ईश्वरविद्या या नावाने इंग्रजीत पुष्कळ लिहिले आहे, बहुतेक तमिळनाडू आणि आंध्रच्या अनुभवावर. ते वाचावे. पण मराठीत ज्याची निकड आहे तो ऐवज वेगळा आहे. मास्तरांची हजेरीपुस्तके, बायबलबाईंच्या वह्या, मंडळीची बाप्तिस्म्याची रजिस्टरे, पंचकमिटीची इतिवृत्ते, पाळकाने साहेबाला लिहिलेली पगाराविषयीची पत्रे. ही लिहिणारी माणसे लेखक नव्हती. पण गावकुसाबाहेरच्या पहिल्या लिहित्या पिढीचा हात त्यांत आहे. हे कागद आज ट्रंकांत आणि माळ्यावर आहेत. वाळवीला पंथ नसतो.

पास्टरने मला त्याच्या आजाचे एक हजेरीपुस्तक दाखवले. कापडी बांधणीचे, कडा खाल्लेल्या. अक्षर सुरेख बाळबोध. जातीच्या रकान्यात माझ्या आजोबांच्या नावापुढे ‘महार’ लिहिले आहे. मास्तराच्या स्वतःच्या दोन मुलांच्या नावापुढे त्याच रकान्यात ‘ख्रिस्ती’. बाकीच्या मांग मुलांपुढे ‘मांग’. म्हणजे जातीचा रकाना आखणाऱ्या हातानेच आपल्या पोरांपुरता तो मोडून काढला होता, आणि माझ्या आजोबांपुरता पाळला होता. शेऱ्याच्या जागी आजोबांच्या नावासमोर लिहिले आहे : वाचन उत्तम, पाणी घेत नाही.

या वहीची छायाप्रत करून विभागाच्या ग्रंथालयात ठेवावी असे मी सुचवले. पास्टर म्हणाला, पंचकमिटीला विचारून सांगतो. त्या चार बायांनाही विचारा, असे मी त्याला म्हटले. तो हसला. अजून निरोप आलेला नाही.